घरच्या घरी ‘स्टाऊट’ : रसायन साधे, कायदा कडक

विशेष प्रतिनिधी, कोल्हापूर

‘गावठी हातभट्टीवर छापा, गूळमिश्रित कच्चे रसायन जागीच नष्ट’ अशा मथळ्याची चार ओळींची बातमी कोल्हापूरच्या वाचकाला नवीन नाही. काही बॅरल, काळा गूळ, नवसागर, जळण आणि दोन आरोपी एवढाच तिचा ऐवज असतो. दुसरीकडे, नोकरीनिमित्त अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारा एखादा कोल्हापूरकर तरुण सुटीत घरी येतो आणि ‘तिकडे मी गॅरेजमध्ये स्वतः बिअर तयार करतो, त्यातही स्टाऊट नावाची काळी, कडक बिअर मला चांगली साधली आहे’ असे सहज सांगून जातो. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ती हातभट्टीच वाटते, तर कुणाला हा प्रयोग आपणही करून पाहावा असे वाटते. यातील पहिली समजूत शास्त्राला धरून नाही आणि दुसरी कायद्याला. म्हणूनच स्टाऊट म्हणजे नेमके काय, तिचा कडकपणा कुठून येतो आणि शिकागोत जी हौस ठरते ती कोल्हापुरात गुन्हा का ठरते, हे समजून घेणे उपयुक्त ठरावे.

हमालांची बिअर ते राजदरबार

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये गडद तपकिरी रंगाची एक बिअर लोकप्रिय झाली. शहरातील ओझी वाहणाऱ्या हमालांची ती आवडती, म्हणून तिला ‘पोर्टर’ हे नाव पडले. याच पोर्टरचा अधिक दणकट प्रकार ‘स्टाऊट पोर्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. इंग्रजीत ‘स्टाऊट’ या शब्दाचा त्या काळातील अर्थच मुळी दणकट, जोरकस असा होता. पुढे ‘पोर्टर’ गळून पडले आणि विशेषणाचे नाम झाले. आर्थर गिनेस याने डब्लिनमधील सेंट जेम्सेस गेट येथील जागा १७५९ साली वार्षिक ४५ पौंड भाड्याने तब्बल ९००० वर्षांच्या कराराने घेतली. त्याच्याच कारखान्याने पुढे स्टाऊटला जगभर पोहोचवले.

स्टाऊटला आजचा काळाभोर रंग मिळाला तो १८१७ नंतर. डॅनियल व्हीलर याने त्या वर्षी कॉफी भाजण्याच्या पिंपासारख्या फिरत्या पिंपात धान्य भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. माल्ट जळू न देता काळे होईपर्यंत भाजणे त्यामुळे शक्य झाले. थोड्याशा भाजक्या माल्टने संपूर्ण बिअर काळी होऊ लागली आणि तिला कॉफी, कोको, करपलेल्या साखरेची चव आली.

याच घराण्यातील सर्वांत कडक प्रकार म्हणजे ‘इंपीरियल स्टाऊट’. लंडनच्या थ्रेल यांच्या कारखान्यातून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियाच्या राजदरबारासाठी ही बिअर रवाना होत असे, म्हणून हे बिरुद. आज या नावाने विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ८ ते १२ टक्के असते. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजांसाठीही एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणात पोर्टर जहाजांतून येत असे. आजही आपल्या शेजारी श्रीलंकेत ८.८ टक्क्यांची ‘लायन स्टाऊट’ तयार होते. म्हणजे ही थंड प्रदेशातच रुजणारी वस्तू आहे, असे नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काळी म्हणजे कडक, हे समीकरण चुकीचे आहे. पेल्यातून मिळणाऱ्या नेहमीच्या गिनेसमध्ये सुमारे ४.२ टक्केच मद्यार्क असतो. आपल्याकडील सोनेरी रंगाची ‘स्ट्राँग’ बिअर तिच्यापेक्षा कितीतरी कडक असते. रंग भाजण्यातून येतो आणि कडकपणा साखरेतून. ही दोन वेगवेगळी कामे आहेत.

मोड, पेज आणि काढा

बिअरचे मूळ धान्य सातू, म्हणजे बार्ली. तिची प्रक्रिया ऐकताना परकी वाटते. परंतु तिच्या बहुतेक पायऱ्या आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक आहेत. मिसळीसाठी मटकी भिजवून तिला मोड आणले जातात. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, सावलीत वाळवतात, हलकी भाजतात आणि दळतात. सातूवर हेच संस्कार झाले, की त्याला ‘माल्ट’ म्हणतात. धान्य अंकुरू लागले, की त्यात ‘अमायलेज’ नावाची विकरे तयार होतात. दाण्यातील पिष्ट फोडून त्याची साखर करणे हे त्यांचे काम. अंकुराला वाढीसाठी अन्न मिळावे ही निसर्गाची योजना असते. माणूस ती मध्येच थांबवतो आणि विकरे आपल्या कामासाठी राखून ठेवतो.

भरडलेले माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले, की ही विकरे पुन्हा कामाला लागतात आणि पेजेसारखे मिश्रण हळूहळू गोड होते. तापमान याहून फार वाढले तर विकरे निकामी होतात. दोन-तीन अंशांचा फरकही चवीत उतरतो. तापमान कमी ठेवले तर यीस्टला सहज पचणारी साखर अधिक मिळते आणि बिअर कोरडी होते. ते थोडे जास्त ठेवले तर न आंबणारे घटक अधिक राहतात आणि बिअरला अंग येते. स्टाऊटला हे अंग हवे असते.

चोथा गाळून उरलेला गोड काढा तासभर उकळतात. या उकळीत ‘हॉप्स’ या वेलीची वाळलेली फुले घालतात. हॉप्सचा कडवटपणा गोडीला तोलतो आणि काही जंतूंना आळाही घालतो. भारतात या वेलीची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या थंड खोऱ्यात होते. उकळलेला काढा त्वरेने थंड करून त्यात यीस्ट मिसळले, की माणसाचे मुख्य काम संपते आणि सूक्ष्मजीवाचे सुरू होते.

हा सूक्ष्मजीव नेमके काय करतो, हे उलगडण्याचे मोठे श्रेय लुई पाश्चर यांना जाते. बिअरवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये यीस्टची शुद्ध, एकाच पेशीपासून वाढवलेली जात वापरात आणली. तेथेच १९०९ मध्ये सोरेन्सेन यांनी आम्लता मोजण्याची ‘पीएच’ श्रेणी मांडली. सांख्यिकीच्या विद्यार्थ्याला परिचित असलेली ‘स्टुडंट’ची टी-चाचणी हीसुद्धा डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट या कर्मचाऱ्याने १९०८ मध्ये मांडली. काळ्या पेल्याने आधुनिक विज्ञानावर केलेले हे उपकार सहसा आठवले जात नाहीत.

कडकपणाचे गणित

ग्लुकोजच्या एका रेणूपासून यीस्ट मद्यार्काचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार करते. वजनात सांगायचे तर १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू, असा हा हिशेब. त्यामुळे किती कडक बिअर हवी, हे काढ्यात आरंभी किती साखर आहे यावरच ठरते.

ही साखर मोजण्याचे साधनही जिल्ह्यातील शेतकऱ्याला अनोळखी नाही. दूध संस्थेत लॅक्टोमीटर दुधात सोडतात, त्याच तत्त्वावर चालणारा हायड्रोमीटर काढ्यात सोडतात. साखर जितकी जास्त, तितका तो वर तरंगतो. पाण्याची घनता १.००० धरली, तर साध्या बिअरचा काढा १.०४८ च्या आसपास असतो, कडक स्टाऊटचा १.०८० किंवा त्याहूनही वर. साखर कारखान्याच्या भाषेत हा दुसरा आकडा १९ ब्रिक्सच्या थोडा वर जातो. पक्व उसाच्या रसाची गोडी साधारण एवढीच असते. म्हणजे कडक स्टाऊट करायची तर सातूच्या काढ्याला उसाच्या रसाइतके गोड करावे लागते. दहा लिटरसाठी त्याला साडेतीन ते चार किलो माल्ट लागते आणि त्यातील काळे, भाजके माल्ट जेमतेम दहावा हिस्सा असते.

आंबणे थांबल्यावर हायड्रोमीटर पुन्हा सोडतात. समजा, घनता १.०८० वरून १.०२० वर आली. दोहोंतील फरक ०.०६० याला १३१ ने गुणले, की मद्यार्काचे प्रमाण मिळते. येथे ते सुमारे ७.९ टक्के येते. जगभरचे हौशी बिअरकर्ते याच सूत्राने आपला हिशेब मांडतात.

परंतु साखर वाढवत नेली म्हणजे झाले, असे नाही. मद्यार्क वाढू लागला, की तो स्वतः यीस्टलाच घातक ठरतो. बिअरच्या बहुतेक यीस्टची सहनशक्ती ९ ते ११ टक्क्यांच्या आसपास संपते. काढा दाट असेल तर आरंभी यीस्ट अधिक घालावे लागते आणि ते वाढावे म्हणून काढ्यात हवाही भरपूर मिसळावी लागते. हे न केल्यास यीस्ट अर्ध्या वाटेत थकते आणि हाती उरते ते चिकट, गोड पाणी. साधी बिअर तीन-चार आठवड्यांत पिण्याजोगी होते. कडक स्टाऊटला मुरायला काही महिने द्यावे लागतात.

भारतातील व्यावसायिक उत्पादनालाही येथे एक मर्यादा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यविषयक मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि ५ ते ८ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’ गणली जाते. लंडनहून रशियाला जाणाऱ्या जातकुळीची १० टक्क्यांची स्टाऊट या चौकटीत बसत नाही.

गूळ घातला तर?

कोल्हापूरकराच्या मनात हा प्रश्न येणारच. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि आज कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. गडद गुळाचा खमंगपणा स्टाऊटच्या भाजक्या चवीशी जुळणारा आहे. साखर, काकवीसदृश पाक किंवा गूळ कडक बिअरमध्ये वापरण्याची पद्धत जगात रूढही आहे.

त्याचा परिणाम मात्र अनेकांच्या अपेक्षेच्या उलट होतो. गुळाने बिअर दाट आणि गोड होईल असे वाटते. प्रत्यक्षात गुळातील जवळजवळ सर्व साखर यीस्ट फस्त करते. माल्टच्या काढ्यातील न आंबणारे घटक बिअरला अंग देतात, ते गुळात नसतात. दहा लिटर काढ्यात अर्धा किलो गूळ घातल्यास मद्यार्क सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी वाढतो, पण बिअर पातळ लागते. गोडी जाते आणि मागे राहतो तो गुळाचा क्षारयुक्त, किंचित तुरट वास. म्हणून जाणकार गुळाचा वाटा मर्यादित ठेवतात.

गुळाच्या रंगाचाही संबंध येथे येतो. पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांत काहिलीतील रसात ‘हायड्रॉस’ हे गंधकयुक्त रसायन वापरले जाते. त्याचा अंश जास्त राहिला तर यीस्टच्या वाढीस अडथळा येऊ शकतो. बाजारात कमी भाव मिळणारा गडद, रसायनविरहित गूळ आंबवण्याच्या दृष्टीने सरस ठरतो.

उन्हाळा आणि बाटलीतील दाब

स्टाऊटच्या यीस्टला १८ ते २२ अंश तापमान मानवते. कोल्हापुरात एवढे तापमान नैसर्गिकरीत्या मिळते ते डिसेंबर-जानेवारीतच. एप्रिल-मेच्या उकाड्यात आंबवलेल्या बिअरमध्ये उग्र वासाचे जड मद्यार्क तयार होतात. तिची चव रंगाच्या थिनरची आठवण करून देते. त्यातच आंबण्याच्या क्रियेतून स्वतःची उष्णता निर्माण होते. त्यामुळे पिंपाच्या आतले तापमान खोलीपेक्षा काही अंश अधिक असते. दाट काढ्यात हा फरक आणखी वाढतो.

सर्वांत गंभीर धोका मात्र चवीचा नसून बाटलीचा आहे. फेस यावा म्हणून भरतेवेळी बाटलीत लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात. झाकण लागले, की यीस्ट ती आंबवते आणि वायू बाटलीतच कोंडतो. आंबणे पुरते संपण्याआधीच उतावीळपणे बाटल्या भरल्या तर आतील उरलेली साखरही आंबते. हायड्रोमीटरचे अवघे चार अंक शिल्लक असताना बाटली भरली, तरी वायूचा दाब जवळपास दुप्पट होतो. अशा बाटल्या फुटतात आणि काचांचे तुकडे खोलीभर उडतात. घनता सलग काही दिवस स्थिर राहिल्याखेरीज बाटली भरू नये, हा या हौसेतील पहिला नियम परदेशात नवशिक्यांना याच कारणासाठी शिकवला जातो.

आंबवणे वेगळे, गाळणे वेगळे

घरगुती बिअरचा विषय निघाला, की अनेकांच्या मनात विषारी दारूच्या घटना उभ्या राहतात, आणि ते स्वाभाविकही आहे. डिसेंबर २००४ मध्ये मुंबईतील विक्रोळी परिसरात अनेकांचे बळी गेले. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. या दुर्घटनांमागचे कारण समजून घेतल्याशिवाय चर्चा भलतीकडे जाते.

मालवणीत बळी घेतले ते मिथेनॉलने. हा औद्योगिक वापराचा मद्यार्क दिसायला नेहमीच्या मद्यार्कासारखाच असतो. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. आधी दृष्टी जाते आणि मग प्राण. धान्य आंबवताना मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही. ते मुख्यत्वे फळांच्या सालीत आणि गरात असलेल्या पेक्टिनपासून अल्प प्रमाणात बनते. सामूहिक बळी घेणारे मिथेनॉल बहुधा आंबण्यातून आलेले नसते, तर स्वस्तात नशा वाढवण्यासाठी कुणीतरी आणून ओतलेले असते.

दुसरा भेद आंबवणे आणि गाळणे यांतला. बिअर आणि वाइन आंबवून तयार होतात. हातभट्टीत गूळ आणि नवसागर घालून आधी रसायन आंबवतात आणि मग ते भट्टीवर उकळून वाफेपासून कडक दारू गाळतात. गाळण्यात आगीचा धोका आहे, भेसळीला वाव आहे आणि विक्रीचा मोठा नफाही आहे. स्टाऊटच्या पिंपाखाली भट्टी नसते. कितीही प्रयत्न केला तरी यीस्ट स्वतःच एका टप्प्यावर थांबते.

आंबवणे आपल्या लोकजीवनाला अपरिचितही नाही. सौंदत्तीच्या यात्रेनंतर कोल्हापुरात ओढ्यावरील रेणुका मंदिराची आंबील यात्रा भरते. त्या दिवशी नैवेद्याला पिठाची आंबवलेली आंबील असते. तेथे मुख्य काम लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे असते. आंबिलीला आंबटपणा येतो, नशा नाही. धान्य, पाणी आणि वेळ तीच असली तरी पिंपात कोणता जीव वाढतो यावर पेय कोणते होणार हे ठरते.

याचा अर्थ कडक स्टाऊट निरुपद्रवी आहे असा मात्र नाही. १० टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. साध्या ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीतही तेवढाच असतो. गिनेसची १९२९ मधील ‘आरोग्यास उत्तम’ ही जाहिरात गाजली, पण तिला वैद्यकीय आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था मद्याला १९८८ पासून निश्चित कर्ककारक मानते, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पेय घरी तयार झाले म्हणून यकृत त्याला सवलत देत नाही.

कायदा काय सांगतो?

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी अधिनियम अमलात आला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मादक पेयांचा विषयही राज्यसूचीत येतो. एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये या अधिनियमातील औषधी आणि प्रसाधनांविषयीच्या काही तरतुदी रद्द ठरवल्या. दारूबंदीचा मुख्य गाभा मात्र वैध मानला. साठ-सत्तरच्या दशकांत बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि परवान्यांची पद्धत आली. अधिनियम मात्र कायम राहिला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो.

या कायद्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. येथे सर्व काही मुळात निषिद्ध आहे आणि परवाना हा अपवाद आहे. ‘मद्य’ या संज्ञेत स्पिरिट, वाइन, बिअर आणि ताडीसह मद्यार्क असलेले सर्व द्रव येतात. बारावे कलम परवान्याविना मद्यनिर्मितीस आणि ब्रुअरी उभारण्यास मनाई करते. पासष्टावे कलम त्यासाठी कारावास आणि दंडाची तरतूद करते. मद्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणे हाही त्या कलमाखाली गुन्हा आहे. ‘स्वतःपुरते’, ‘विक्रीसाठी नव्हे’, ‘फक्त दहा लिटर’ अशा सबबींना त्यात सूट नाही. परदेशातून येताना आणलेले माल्ट, यीस्ट आणि पिंप या वस्तू सुट्या बाजारात कायदेशीरपणे मिळत असल्या, तरी बिअर करण्याच्या उद्देशाने त्या एकत्र आल्या की प्रश्न उद्भवतो. गोव्याहून करमुक्त समजून आणलेल्या बाटल्यांवर राज्य उत्पादन शुल्क विभाग जशी कारवाई करतो, तशीच ती येथेही होऊ शकते.

इतर देशांनी या बाबतीत वेगळा मार्ग घेतला. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये रद्द केला. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली. प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबाला २०० गॅलन, अशी त्यात मर्यादा आहे. विक्रीला मुभा नाही, आणि दारू गाळण्याचा त्या सवलतीत समावेशच नव्हता. आंबवणे आणि गाळणे यांतील जी रेषा शास्त्र दाखवते, तीच तेथील कायद्याने ओढली. अमेरिकेत पुढे फोफावलेल्या छोट्या ब्रुअऱ्यांचे अनेक संस्थापक याच घरगुती हौसेतून घडले.

महाराष्ट्राने ही वाट घरासाठी नव्हे, तर व्यवसायासाठी थोडी उघडली. मायक्रोब्रुअरीच्या परवान्यामुळे २००९ मध्ये पुण्यात ‘दूलाली’ सुरू झाली आणि ताजी, छोट्या प्रमाणात तयार होणारी बिअर राज्यात प्रथमच लोकांसमोर आली. पुण्या-मुंबईत त्यानंतर अशी अनेक केंद्रे उभी राहिली. त्यांच्या फळ्यावर अधूनमधून स्टाऊटही दिसते.

दोन्ही बाजूंनी विचार

घरगुती बिअरला सवलत द्यावी काय, यावर मतभेद संभवतात आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. स्वतःच्या घरात, स्वतःपुरते, विक्रीविना केलेले पेय आणि विषारी दारूचा धंदा यांना कायद्याने एकाच मापाने मोजावे हे विसंगत आहे, असे एक बाजू म्हणेल. दुकानातून परवान्यावर बिअर विकत घेता येते, मग तीच तयार करण्यात नवा अपाय कोणता, हा तिचा प्रश्न आहे.

दुसरी बाजू अनुभवातून येते. महाराष्ट्रातील अनेक गावांत महिलांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ जिंकून दिली आणि दुकाने बंद पाडली. दारूने मोडलेले संसार त्यांनी पाहिले आहेत. घरगुती निर्मितीला सूट मिळाली, तर हातभट्टीवालाही ‘स्वतःपुरते’ म्हणेल आणि छाप्यात सापडलेले पिंप स्टाऊटचे की रसायनाचे हे ठरवणे पोलिसांना अवघड जाईल, ही शंका अवाजवी नाही. पिंपाशेजारी गाळण्याची भट्टी आहे की नाही, एवढी एक खूण त्यासाठी पुरेशी आहे काय, याचा विचार विधिमंडळानेच करायचा आहे.

तोवर वस्तुस्थिती स्पष्ट आहे. कोल्हापुरातील घरात, कितीही स्वच्छतेने आणि कितीही थोडी, स्टाऊट तयार करणे हा आज गुन्हा आहे. हौसेपोटी केलेला प्रयोग नोकरी, पासपोर्ट आणि अब्रू यांच्याशी खेळ ठरू शकतो. ज्यांना या शास्त्राची गोडी आहे त्यांना नाचणीला मोड आणून सत्त्व करताना, आंबील मुरवताना किंवा गुऱ्हाळावर पाकाची तार पाहताना त्याचे बरेचसे धडे विनापरवाना गिरवता येतात. उरलेला धडा परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, पिंपाजवळ उभे राहून आणि परतीच्या प्रवासात गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन घेणे शहाणपणाचे.

थोडक्यात

• स्टाऊटचा रंग भाजक्या माल्टमुळे, कडकपणा साखरेमुळे.

• कडक स्टाऊटच्या काढ्याची गोडी पक्व उसाच्या रसाएवढी.

• गुळाने मद्यार्क वाढतो, बिअर मात्र पातळ होते.

• धान्य आंबवल्याने मिथेनॉल जवळजवळ तयार होत नाही. विषारी दारूतील मिथेनॉल बहुधा बाहेरून मिसळलेले असते.

• १९४९ च्या अधिनियमानुसार घरगुती बिअरनिर्मिती आणि त्या हेतूने साहित्य बाळगणे, दोन्ही गुन्हे.

• रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार दंडनीय.